निंबावरचा कापूस

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी अमरावतीच्या एका माळणीकडे बोट दाखवीन. मी तिला मावशी म्हणत असे. ती आमच्या नात्यातली नव्हती, जातीतलीही नव्हती. तिला अक्षर ओळखता येत नव्हते. तरी मी बी. ए. झालो तो तिच्या चुलीवरच्या भाकरीवर आणि तिच्या बागेच्या कडेच्या खोलीत बसून केलेल्या अभ्यासावर. परीक्षेत उतरल्यावर माझ्या गावच्या, बार्शीटाकळीच्या लोकांनी मला देवळात बसवून हार घातला. तेव्हा मी वडिलांचे नाव घेतले, गावच्या मराठी शाळेच्या गुरुजींचे घेतले. मावशीचे नाव ओठांवर आले आणि मागे फिरले. विसरलो म्हणून नव्हे, भीती वाटली म्हणून. ती भीती कसली, तेच येथे लिहायचे आहे.

मी सतरा वर्षांचा असताना इंग्रजी शाळेसाठी अमरावतीस आलो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. वडील काळ्या जमिनीत राबणारे. ओळखीच्या एका गाडीवानाने मला मावशीच्या दारात उतरवून दिले. तिचा नवरा वारला होता, मुलगी मोर्शीस दिली होती. बाग ती एकटी पाही. वांगी, मेथी, शेवंती, झेंडू आणि एक विहीर. जमीन सरकारची होती. कचेरीची मर्जी असेतो बाग तिची.

"खोली हाये, खाटलं हाये," ती म्हणाली. "भाकर मी खाईन ते तूबी खाय. पन सांजच्याले पाटाचं पानी वळवाले मदत करजो."

बागेसमोरून आमची गल्ली जाई आणि पुढे कापसाच्या बाजाराला मिळे. गल्लीत चार मोठे निंब होते. मावशीच्या सासऱ्याने लावलेले. विहिरीच्या पाटाचे उरलेले पाणी ती त्यांच्या मुळाशी सोडी. मधल्या निंबाला मातीचा पार होता. त्या पारावर आणि सावलीत गल्लीतल्या बायका सकाळपासून रेचे घेऊन बसत. रेचा म्हणजे दोन लाटांमध्ये कापूस घालून सरकी वेगळी काढायचे लाकडी यंत्र. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कापूस सारायचा. दहाबारा रेचे एकदम करकरू लागले की गल्लीत बोलण्यासाठी ओरडावे लागे, आणि त्या बायकांना ओरडण्याचे काहीच वाटत नसे.

पहिल्या दिवशी मी पुस्तके घेऊन त्यांच्यासमोरून निघालो. "कावून बाप्पा," एक म्हातारी म्हणाली, "विंग्रजी शिकून साहेबाच्या पोरीले मागनी घालतं का?"

"घालंन तं घालंन," दुसरी म्हणाली, "पन ते पोरगी रेचा फिरवंन का आपल्या संगं?"

मी लाजून पळालो. पण गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत त्यांच्या नजरा माझ्या पाठीवर आहेत हे मला कळत होते. तेव्हा त्याचा संकोच वाटे. पुढे त्याच नजरांसाठी मी तळमळलो.

तो कापसाच्या भरभराटीचा काळ होता. समुद्रापलीकडे कुठल्याशा देशात लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि विलायत वऱ्हाडाच्या दारात येऊन उभी राहिली. बाजाराकडे गाड्यांची रांग लागे. गाडीवर बोंद्रे, म्हणजे कापसाची मोठी पोती, इतकी उंच रचलेली असत की निंबाच्या खालच्या फांद्या त्यांना घासत आणि कापसाचे पुंजके फांद्यांना अडकून राहत. संध्याकाळपर्यंत निंब पांढरे दिसत. मावशी काठीने ते पुंजके काढी, त्यांच्या वाती वळी, आणि दिवेलागणीला पारावर एक मोठी पणती लावी. गल्लीत दुसरा दिवा नव्हता. अंधार पडता पडता कामावरून परतणाऱ्या बायका त्या उजेडाच्या धोरणाने येत.

गल्लीच्या तोंडाशी एक अडत्या राही. आलेला कापूस विकून देऊन त्यातून आपली अडत काढण्याचा त्याचा धंदा. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, थट्टेखोर माणूस. तो पारावरून जाताना म्हणे, "मावशे, तुह्ये निंब तं माह्यापेक्षा मोठे अडते निंगाले! गाडीमागं मूठभर त्यायची ठरलेली!"

मावशी वाती वळत उत्तर देई, "झाडानं घेतलं, म्या नाई. ज्याले परत पाह्यजे त्यानं झाडाले इचाराव."

सगळा पार हसे. अडत्याही हसे. ही थट्टा रोजची होती. तिच्यातूनच पुढे सगळे वाईट घडले, आणि ते माझ्या हातून घडले.

भाव चढू लागला तसे गावात अनोळखी चेहरे वाढले. हमाल, गाडीवान, दलालांची माणसे आणि काहीही काम नसलेली माणसे. रोज नवी वार्ता येई. कुठे गाडी अडवली, कुठे कोणाचे मनगट मुरगळून दागिना काढला. मी पाठ करीत बसलो तरी कान बाहेर असत. हातात आईने निघताना घातलेले चांदीचे कडे होते, ते मी बाहीखाली लपवू लागलो.

मग ते आमच्या गल्लीत झाले. मला साहेबाच्या पोरीवरून चिडवणारी ती म्हातारी एका संध्याकाळी वखारीत कापूस देऊन परतत होती. मधल्या निंबाच्या आडून एक माणूस पुढे आला, त्याने तिला ढकलून पाडले आणि हातातले चांदीचे गोठ ओढून नेले. तिचे मनगट सोलून निघाले. ती पारावर बसून एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होती, "झाडाआडून आला वो माय. झाड हालल्यावानी वाटलं, अन् मानूस झाला."

त्या संध्याकाळी पारावर पणती नव्हती. मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी मोर्शीला गेली होती. पण पणतीचे कोणीच बोलले नाही. मलाही ते पुष्कळ दिवसांनी सुचले. त्या वेळी सगळे झाडाकडे पाहत होते, आणि मीही पाहत होतो. खरोखर त्या अंधारात प्रत्येक बुंध्यामागे कोणी उभा आहे असे वाटे.

दुसऱ्या दिवशी अडत्याच्या ओसरीवर गल्लीतले पुरुष जमले. थट्टा कोणीच केली नाही. निंब पाडून टाकावेत, गल्ली मोकळी झाली की चोराला लपायला जागा राहणार नाही, आणि गाड्याही सुखाने जातील, असे ठरले. झाडे सरकारी रस्त्यावर, म्हणून कचेरीत अर्ज हवा. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

"तू लेह्य बाबू," अडत्या म्हणाला. "इथं तुह्याएवढं शिकलेलं कोन हाये?"

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. मी घाबरलेला होतो हे खरे, पण त्या वाक्याने मी फुललोही होतो. मी मांडी घालून बसलो आणि लिहू लागलो. चोरीचे लिहून झाले तरी कागद अर्धा कोरा होता. अर्ज भारदस्त दिसावा म्हणून मी आणखी कारणे शोधू लागलो, आणि मला पारावरची थट्टा आठवली. मी लिहिले: "सदरहू झाडे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतील कापूस अडवितात, व तो कापूस सदर बागेतील माळीण नित्य गोळा करून नेते."

मला त्या 'सदरहू'चा अभिमान वाटला. वाचून दाखवताना अडत्याच्या कपाळाला जराशी आठी पडली. "हे कायले?" तो म्हणाला. पण कोणीतरी म्हणाले, "राहू द्या, साहेबाले पटंन," आणि अंगठे उमटले. थट्टेतले शब्द तेच होते. कागदावर त्यांच्यामागचे हसणे उतरले नाही, एवढेच.

मावशी महिन्याने मोर्शीहून परतली तोवर कचेरीचा हुकूम होऊन चारही निंब आडवे पडले होते. ती बागेच्या दारात उभी राहिली. पदराचे टोक तिने दातांत धरले होते. मग ती पाटाकडे गेली आणि झाडांकडे जाणारे तोंड मातीने बुजवले. "आता कोनाले पाजू पानी," एवढेच म्हणाली.

चैत्र लागला. उन्हाने गल्ली तव्यासारखी तापली. उघड्यावर रेचा घेऊन बसणे कोणाला शक्य नव्हते. बायका आपापल्या घरात गेल्या, दारे लावून रेचे फिरवू लागल्या. गल्ली अगदी मोकळी झाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी धूळ. लपायला जागा नव्हती, हे खरेच. पण बघायलाही कोणी नव्हते. बंद दारांमागून रेच्यांची करकर ऐकू येई आणि माणसाचा शब्द ऐकू येत नसे. मला त्या आवाजाची भीती वाटू लागली. पूर्वी जो आवाज माणसांचा होता तो आता भिंतींचा झाला होता.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. एका दुपारी मी परतत होतो. बाजाराकडून दोन माणसे माझ्यामागे वळली. मी पावले उचलली, त्यांनीही उचलली. अंगरख्याची बाही घामाने मनगटाला चिकटून कडे दिसत होते. भर दुपारी, लख्ख उन्हात, भरवस्तीत, इतका एकटा मी पुन्हा कधी झालो नाही.

मी पहिल्या दाराची कडी वाजवली. आतला रेचा थांबला.

"कोन हाय?"

"मी, मावशीकडचा. दार उघडा!"

"आता नाई उघडत बाप्पा. घरी मानूस नाई."

आणि रेचा पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दाराला आतून अडसर लागल्याचा आवाज आला. तिसऱ्या घरात ती म्हातारी राहत होती. फटीतून तिचा डोळा दिसला. मला ओळखूनही तो डोळा मागे सरला. मी तिला दोष देत नाही. सोललेले मनगट अजून बरे झाले नव्हते.

एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यात बागेचे फाटक करकरले. मावशी विळा हातात घेऊन बाहेर आली. मेथी कापत होती. ती ओरडली नाही. माझ्या आणि त्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"पानी पाह्यजे का?" तिने त्यांना विचारले. "पानी पाह्यजे तं पेऊन घ्या. दुसरं पाह्यजे असंन तं सांगा."

विळा तिने खाली केला नाही. दोघे एकमेकांकडे बघून हसल्यासारखे करून निघून गेले. आत आल्यावर तिने विळा ठेवला आणि लोटाभर पाणी एका दमात पिऊन टाकले.

"मले का भेव लागत नाई, बाबू?" ती म्हणाली. "लागते. पन म्या बी दार लावलं तं गल्लीत दार राह्यतेच कोनाचं?"

त्याच दुपारी अडत्याचे घर फुटले. भिंतीला भोक नाही, कुलूप तोडणे नाही. समोरच्या दाराने माणसे आत गेली, एकट्या असलेल्या त्याच्या बायकोच्या तोंडात बोळा कोंबला आणि पेटी उचलून चालती झाली. तिने पाय आपटले, भांडी पाडली. शेजारी पाच रेचे फिरत होते. कोणी ऐकले नाही.

तिसऱ्या दिवशी शिपाई आला. तो अडत्याच्या घरून सरळ बागेत आला. कोणीतरी फटीतून पाहिले होते, माळीण दोन अनोळखी माणसांशी बोलत उभी होती. मी पुढे होऊन सगळे सांगितले: ती माणसे माझ्यामागे लागली होती, मावशीने मला वाचवले. शिपायाने ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "तुमचं म्हननं ठीक हाये. पन बाईचं नाव कचेरीत आधीच लागलं हाये. कापूस गोळा करते म्हनून. लेखी हाये."

तेव्हा मला सांगता आले असते. अर्ज खोटा निघाला तर लिहिणाऱ्याचे काय होते, शाळेतून नाव कापतात की आणखी काही, याचाच विचार मी करीत राहिलो. मावशीला चावडीवर नेले नाही, पण हुकूम झाला. दर आठवड्याला चावडीवर हजेरी द्यायची. पुन्हा काही निघाले तर बाग सरकारात जमा.

रात्रीची भाकर वाढताना तिने विचारले, "बाबू, त्या कागदात माहं नाव कोनं लेह्यलं असंन?"

मी म्हणालो, "असेल कोणी कचेरीतला कारकून."

"आपल्यातलं नसंन," ती म्हणाली. "आपल्यातल्याले तं ठाऊक हाये, वाती कायच्या होत्या."

त्या रात्री मी जेवलो. ते मला अजून लागते.

मावशी रडत बसणारी नव्हती. निंबाला मोठे व्हायला पुष्कळ वर्षे लागतील हे तिला कळत होते. तिने पाटाचे बुजवलेले तोंड उघडले, चार निंबाची रोपे लावली, आणि रोपांच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून दोडके आणि दुधीचे वेल सोडले. पावसाळा संपता संपता गल्लीवर हिरवा मांडव उभा राहिला. मग ती दारोदार गेली. "पोरीहो, सावली झाली. रेचे घिऊन या. येताना एक एक लोटा पानी आना, तुमचं तुमचं झाड तुमी पाजा."

पहिली आली ती म्हातारी. आली ती माझ्याकडे न बघता. रेचा ठेवून बसली, लाटांत कापूस सारला आणि म्हणाली, "त्या दिवशी दार नाई उघडलं रे बाप्पा." मी म्हणालो, "असू दे आजी." मग दुसऱ्या आल्या. दारे उघडी राहू लागली, कारण बाहेर बसणारीला आतले पोर दिसायला हवे. दिवेलागणीला पणती आली. वाती आता मावशी जुन्या लुगड्याच्या वळी. कापसाच्या पुंजक्याला ती हात लावीत नसे. वेलाला एखादा अडकला तर तसाच वाळू देई.

त्यानंतर मी तेथे होतो तोवर गल्लीत काही गेले नाही. त्याचे कारण मांडवच, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पुढे ती दूरची लढाई संपली, भाव कोसळला, आलेली माणसे आली तशी गेली. पण मला एवढे ठाऊक आहे की भाव चढलेला असतानाच, माणसे गावात असतानाच, मी त्या गल्लीतून कडे बाहीबाहेर ठेवून चालू लागलो होतो.

मुंबईस गेलो, परीक्षेत उतरलो, अकोल्याच्या शाळेत मला जागा मिळाली. सरकारी जागा. बार्शीटाकळीच्या सत्कारानंतर आठच दिवसांत चांदूर बाजारचा एक गाडीवान भेटला. त्याने मावशीने पाठवलेली पुरचुंडी दिली. तीत माझ्या दिव्यासाठी वाती होत्या. मी तिची खुशाली विचारली. "बरी हाये," तो म्हणाला. "गुडघा धरला हाये. पन चावडीवर जाते अजून आठवड्याले. लंगडत जाते. कोनी सुटका सांगतलीच नाई तिले. अन् नवा साहेब आला हाये, जुने कागद पाहून राह्यला. बाग राह्यते का जाते म्हनतात."

मी सात दिवस पत्राला बसलो आणि उठलो. मावशीला वाचता येत नाही. म्हणजे पत्र दुसरे कोणी वाचणार, मांडवाखाली, रेचे थांबवून, सगळ्यांसमोर. अडत्या ऐकेल. ती म्हातारी ऐकेल. गोष्ट कचेरीपर्यंत जाईल, आणि माझी जागा राहील की नाही कोण जाणे. भीती तशीच होती. आठव्या दिवशी त्या भीतीसकटच लिहिले. धाडलेले पत्र असे:

मावशीस तिच्या खोलीतल्या पोराचा पायावर डोके ठेवून नमस्कार.

हे पत्र जो वाचून दाखवील त्याने मध्ये काही गाळू नये. सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचावे.

मावशी, मी पास झालो. तुझ्या वाती पोचल्या. त्यांतली एक लावून हे लिहितो आहे.

तू मला विचारले होतेस, त्या कागदात तुझे नाव कोणी लिहिले. मी कारकून म्हणालो. ते खोटे होते. ते मी लिहिले. ओसरीवर बसून, तुझी भाकर खाऊन, माझ्या हाताने. अडत्याशेठ थट्टेत जे म्हणत ते मी खरे म्हणून लिहिले. त्यांनी मला 'हे कायले' म्हणून विचारलेही होते. दोष त्यांचा नाही, अंगठा देणाऱ्यांचा नाही. त्यांना वाचता येत नव्हते. मला येत होते.

निंब तोडावे असेही मीच लिहिले. झाडाआड चोर उभा राहतो, असे मला वाटले होते. ज्या संध्याकाळी चोर उभा राहिला त्या संध्याकाळी तुझी पणती नव्हती, एवढे मला दिसले नाही.

याच टपालाने मी कचेरीतही अर्ज पाठवला आहे. त्यात हेच लिहिले आहे, खाली माझे नाव व नोकरीचे ठिकाण घातले आहे. जे व्हायचे ते माझे होऊ दे.

या आठवड्याला तू चावडीवर जाऊ नकोस. गुडघ्याला आराम दे. हजेरीच्या दिवशी मी सकाळीच अमरावतीस येतो आणि तुझ्याऐवजी तेथे उभा राहतो. विचारतील ते सांगतो.

मग गल्लीत येईन. निंब आता केवढे झाले असतील, मला ठाऊक नाही. माझ्या वाटणीचे एखादे झाड राखले असशील तर लोटा भरून पाणी आणीन. तुझ्या फाटकाशी येऊन हाक मारीन. त्या दुपारी मी तीन दारे वाजवली आणि चौथे तू न वाजवता उघडलेस. या वेळी उघडू नये असे वाटले तर उघडू नकोस. मी बाहेर, सगळ्यांना दिसेन असा उभा राहीन.